बाबा पदमनजींना एका गुणाच्या प्रश्नातून सोडवा

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेरमांडणी आपल्या मंडळांत सध्या चालू आहे. कोणते पुस्तक ठेवायचे, कोणते वगळायचे, कोणत्या लेखकाला स्वतंत्र घटक द्यायचा आणि कोणाची एका ओळीवर बोळवण करायची, हे आपण ठरवत आहात आणि हे निर्णय पुढची काही वर्षे बदलणार नाहीत. म्हणूनच आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेला एक अध्यापक या नात्याने मी आपल्याला हे जाहीर पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एकाच लेखकाविषयी आहे. एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती लेखक आणि समाजाचे टीकाकार बाबा पदमनजी यांना आपण अभ्यासक्रमात जी जागा दिली आहे ती अपुरी तर आहेच, पण मला त्याहून गंभीर वाटते ते हे की ती दिशाभूल करणारी आहे.

ही जागा कोणती, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘मराठीतील पहिली कादंबरी कोणती?’ या एका गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नाचे ‘यमुनापर्यटन’ हे उत्तर आणि त्याच्या खाली १८५७ हे साल. नेट, सेट आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मुले हे उत्तर घोकतात, चौकोन काळा करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. वाङ्मयेतिहासाच्या तासाला त्यात फार तर एका वादाची भर पडते. तो वाद म्हणजे ‘यमुनापर्यटन’ला कादंबरी म्हणावे का, की पहिलेपणाचा मान लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ या अद्भुतरम्य कादंबरीला द्यावा. बाजारात मिळणारी एक मार्गदर्शिका मी अलीकडेच चाळली. तिच्यातला कथासारांश यमुनेला वैधव्य येते तिथेच थांबलेला आहे. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते, या शेवटाचा त्यात उल्लेखही नाही. सारांश लिहिणाऱ्याने तो जाणूनबुजून गाळला की त्याच्याही हाती मूळ पुस्तक पडले नव्हते, हे मला सांगता येणार नाही. पण असा अर्धा सारांश वर्गात चालून जातो, याचा अर्थ मूळ पुस्तक वर्गात उघडले जात नाही, एवढे तरी आपण मान्य कराल.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. घर धार्मिक होते आणि व्रतवैकल्ये, पोथ्या, कुळाचार यांत त्यांचे बालपण गेले. शिक्षण मात्र मिशनच्या शाळेत झाले. लंडन मिशनने बेळगावात १८२० पासून आपले काम सुरू केले होते. पुढे मुंबईला आल्यावर फ्री चर्चच्या विद्यालयात, म्हणजे आजच्या विल्सन कॉलेजच्या पूर्वावतारात, ते शिकले. त्या काळची मुंबई वादांनी तापलेली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून रण माजले आणि त्याला परत घ्यावे म्हणून झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याचा ताप सोसावा लागला. शिकलेला तरुण त्या काळात धर्माचा प्रश्न टाळू शकत नव्हता. तो घरी विचारला जाई, शाळेत विचारला जाई आणि छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पत्रात विचारला जाई.

बाबांच्या विचारांची घडण समजून घ्यायची तर दोन गोष्टींपाशी थांबावे लागते आणि आपला अभ्यासक्रम नेमका या दोन्हींवरून पुढे सरकतो. पहिली गोष्ट त्यांच्या ‘स्त्रीविद्याभ्यास निबंधा’ची. हा निबंध १८५२ चा आहे आणि बाबांचा बाप्तिस्मा १८५४ चा. स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडणारा हा विशीतला तरुण त्या वेळी ख्रिस्ती झालेला नव्हता. म्हणजे त्यांनी आधी धर्म बदलला आणि मग मिशनऱ्यांच्या सांगण्यावरून ते आपल्या समाजाला नावे ठेवू लागले, हा जो सोपा समज आपल्याकडे रूढ आहे, तो तारखांच्या कसोटीला उतरत नाही. समाजाविषयीची अस्वस्थता आधीची आहे. धर्मांतर हे त्या अस्वस्थतेला त्यांनी दिलेले उत्तर आहे, असे मी त्यांच्या लेखनावरून म्हणतो. ते उत्तर आपल्याला पटो वा न पटो, प्रश्न कोणत्या क्रमाने आले हे विद्यार्थ्याला कळायला हवे.

दुसरी गोष्ट परमहंस सभेची. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींच्या पुढाकाराने ही सभा निघाली. एक ईश्वर मानायचा, मूर्तिपूजा सोडायची आणि जातिभेद मोडायचा, ही तिची भूमिका होती. प्रवेशाच्या वेळी नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, पण हे सारे दाराला कडी घालून. घरी गेल्यावर पुन्हा सोवळे, पुन्हा पंगत, पुन्हा जात. बाबा या सभेत वावरलेले होते आणि त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र सभेचे अंतरंग सांगणाऱ्या मोजक्या साधनांपैकी एक आहे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि इतक्या धाडसी विचारांची ही मंडळी भीतीने पांगली. बाबांनी त्याआधीच, १८५४ मध्ये बेळगावला, उघड बाप्तिस्मा घेतला होता. दादोबा पांडुरंगांविषयी मला पूर्ण आदर आहे. मराठीचे व्याकरण रचणारा हा माणूस पुढे स्वीडिश तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग याच्या ख्रिस्ती चिंतनात रमला आणि तरीही हिंदूच राहिला, हाही एक प्रामाणिक मार्ग होता. परंतु सुधारणा कोंडलेल्या खोलीत करायची की चव्हाट्यावर, हा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा मध्यवर्ती पेच या दोन माणसांना शेजारी ठेवल्यावर जितका लख्ख दिसतो, तितका तो प्रबोधनाच्या साचेबंद टिपणांतून कधीच दिसत नाही.

‘यमुनापर्यटन’ या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी येतात, पुढे विनायकराव जातो आणि इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्या दुःखात सापडते. पुस्तकाच्या पूर्ण नावातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू उघड सांगितलेला आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा आणि हे पुस्तक त्याच्या पुढच्याच वर्षीचे. कायदा तर झाला होता, मग बाबांनी यमुनेचा पुनर्विवाह तिच्याच समाजात का लावला नाही? त्यांना धर्मप्रचार करायचा होता, हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. मुंबईत विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राह्मण विधवेचा गाजलेला पुनर्विवाह घडवून आणला तो १८६९ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर बारा वर्षांनी, आणि त्यानंतरही संबंधितांवर बहिष्कार पडला, शंकराचार्यांपुढे पुण्यात वादसभा भरली. कायदा कागदावर असतो आणि वधूला बसवायला घर नसते, ही १८५७ ची वस्तुस्थिती होती. बाबांना ती दुसऱ्या एका कायद्यामुळे चांगलीच परिचयाची असणार. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला होता. त्याने वारसा वाचला, पण घरचा उंबरठा परत मिळाला नाही. कायद्याने दिलेले आणि समाजाने नाकारलेले असे हक्क घेऊन जगणे कसे असते, हे धर्मांतरिताला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. यमुनेचा शेवट मी असा वाचतो. हे वाचन आपल्याला मान्य नसेल तर त्यावर चर्चासत्र घ्यावे. पण चर्चेसाठी आधी पुस्तक तरी लावावे लागेल.

मी बाबांची वकिली डोळे मिटून करत नाही. ‘यमुनापर्यटना’तले दोष शाळकरी वाचकालाही दिसतील. विनायकराव अनेकदा माणूस न राहता प्रवचन होतो. पात्रे एकमेकांशी न बोलता वाचकाला उद्देशून बोलतात, आणि समोरच्या बाजूचे माणूस बोलू लागले की त्याच्या तोंडी सहज खोडता येईल असाच मुद्दा येतो. त्यातही ‘हिंदुस्थानातील विधवा’ म्हटले तरी केशवपनाची आणि कायमच्या वैधव्याची सक्ती मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींतली. कितीतरी जातींत पाट, म्हणजे विधवेचा दुसरा विवाह, लागत असे आणि त्या बायकांचे प्रश्न वेगळे होते. ही मर्यादा एका कासाराच्या घरी जन्मलेल्या लेखकाच्या पुस्तकात यावी, हाही अभ्यासाचा विषय आहे. पण कलाकृती म्हणून कच्ची आणि हेतूने बांधलेली म्हणून ती बाजूला ठेवायची असेल, तर तोच न्याय सर्वांना लावावा लागेल. हेतू तर हरिभाऊंना, म्हणजे ह. ना. आपट्यांनाही होता. त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येऊ लागलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमूच आहे, तिच्याही वाट्याला वैधव्य आणि केशवपन येते, आणि ती कादंबरी वाचकाचे मन वळवण्यासाठीच लिहिलेली आहे. फरक कारागिरीचा आहे आणि तो फार मोठा आहे. तेहतीस वर्षांत मराठी गद्य कोठून कोठे पोचले हे दाखवायला या दोन यमुनांपेक्षा चांगले साधन मला तरी माहीत नाही.

भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या तीन प्रवृत्ती मांडताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशी नावे घेतली आणि वास्तवाला भिडणारी वाट पहिल्या पुस्तकापासून निघते असे सांगितले. नेमाड्यांचे हे विवेचन आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षे संदर्भ म्हणून दिले जाते. समीक्षा लावायची आणि ज्या पुस्तकाची समीक्षा आहे ते लावायचे नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

बाबांच्या कोशकार्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. आहे ते केवळ विस्मरण. १८६० मध्ये त्यांनी ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा संग्रह सिद्ध केला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली तेव्हा त्यात साठ हजारांच्या आसपास शब्द होते. विद्यार्थ्याला तो न परवडणारा, न पेलवणारा ग्रंथ होता. त्याचा संक्षेप बाबांनी १८६३ मध्ये केला. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता सोडायचा, कोणता अर्थ पहिला द्यायचा आणि कोणता गाळला तरी चालेल, असा निवाडा हजारो वेळा करावा लागतो तेव्हा असा संक्षेप तयार होतो. हे काम करताना त्यांचे वय जेमतेम बत्तीस होते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाल्यापासून आपण भाषेच्या वैभवावर भरपूर कार्यक्रम केले. त्यांत या कोशकाराचे नाव माझ्या तरी कानी आले नाही.

आता जे म्हणायला थोडा संकोच वाटतो ते म्हणतो. आपल्या अभ्यासक्रमांना ख्रिस्ती लेखकांचे वावडे आहे, असा आरोप मी करणार नाही, कारण तो खरा नाही. फादर स्टीफन्स आहेत, रेव्हरंड ना. वा. टिळक आहेत, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर हवीतच. पण स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या चार ओव्याच काय त्या आपण दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनी म्हणतो. टिळक आपल्याला जवळचे वाटतात, कारण ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगतात आणि अभंग लिहितात. त्यांची फुले आणि मुले कोणाला दुखवत नाहीत. लक्ष्मीबाई आपल्याला हसवतात आणि रडवतात. या सर्वांवर माझे मनापासून प्रेम आहे. पण यांतून निवडीचा एक कल स्पष्ट होतो. जो ख्रिस्ती लेखक आपल्याला सांभाळून घेतो, आपल्या परंपरेशी नाते सांगतो, तो आपला. आणि जो आपल्याशी भांडतो, ‘तुमचे हे चुकते आहे’ असे तोंडावर सांगतो, त्याला एक गुण देऊन वाटेला लावायचे. संतपरंपरेकडे टिळकांनी ज्या जिव्हाळ्याने पाहिले तसा जिव्हाळा बाबांच्या लेखनात नाही, आणि हिंदू धर्मावरची त्यांची टीका कित्येक ठिकाणी एकांगी आहे. हे मी लपवत नाही. पण त्याच १८५७ साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते आणि लोक ऐकायला गर्दी करत होते. तेव्हाच्या समाजाला हा वाद झेपत होता. विष्णुबुवा, बाबा आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर असे तिघे एका घटकात ठेवून पाहा. धर्मचिकित्सेची मराठी भाषा कशी तयार झाली, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष झाले. त्यांची निवड जाहीर होताच त्यांच्या धर्मावरून जो विरोध झाला तो आपण विसरला नसाल. वसईच्या मातीत वाढलेल्या, मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या आणि पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या त्या लेखकाला, तुम्ही आमचे कसे, असे विचारले गेले. विरोध करणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक होते, आणि त्यांतल्या काहींनी आपल्याच विद्यापीठांतून मराठीची पदवी घेतलेली असू शकते. मराठी कादंबरीचा आरंभ एका ख्रिस्ती लेखकाच्या पुस्तकापासून सांगितला जातो, हे त्यांनी परीक्षेत लिहिलेही असेल. तरीही त्यांच्या मनात मराठी लेखक आणि ख्रिस्ती माणूस हे दोन वेगळे गृहस्थ राहिले. फादर जुलै २०२४ मध्ये गेले.

आपल्या बैठकीत एक आक्षेप निघेल आणि तो मी गृहीत धरतो: धर्मांतराचा पुरस्कार करणारे पुस्तक सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वर्गात कसे लावायचे, पालक काय म्हणतील, संघटना काय म्हणतील. धास्ती खरी आहे. वर्ग चालवणाऱ्याला ती मला सांगायची गरज नाही. पण आपण महानुभावांचे ग्रंथ लावतो तेव्हा कोणाला महानुभाव पंथाची दीक्षा देत नाही, आणि वारकरी संतांचे अभंग शिकवले म्हणून वर्ग पंढरीला निघत नाही. ‘यमुनापर्यटन’ पूर्ण लावा, त्यातली ख्रिस्ती प्रकरणे न गाळता लावा, आणि विद्यार्थ्याला त्याच्याशी कडाडून भांडू द्या. गाळलेले पुस्तक लावणे हे न लावण्यापेक्षा वाईट, कारण मग विद्यार्थ्याच्या हाती ना बाबांचे म्हणणे राहते, ना त्यांना उत्तर देण्याची संधी.

माझ्या मागण्या फार नाहीत. कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत ‘यमुनापर्यटन’ समग्र असावे आणि त्याच्या जोडीला हरिभाऊ असावेत. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत ‘अरुणोदय’ असावे. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्या पूर्वायुष्याचे आहे. १८९० मध्ये मिशनरी मरे मिचेल यांच्या संपादनाखाली ते इंग्रजीत गेले, आणि एक हिंदू तरुण ख्रिस्ती कसा झाला या उत्सुकतेने ते परदेशात वाचले गेले. मराठी वाचकाने ते वेगळ्या कारणासाठी वाचावे: बेळगावच्या घरातले सण, पोथ्या, शाळा, मुंबईतले मित्र आणि गुप्त सभा यांचे इतके आतले वर्णन करणारे त्या पिढीचे गद्य फारसे नाही. तिसरे, आणि खर्चाचे, काम आवृत्तीचे आहे. दोन्ही पुस्तकांच्या मूळ प्रतींवरून पाठ तपासलेली, कठीण शब्दांवर टिपा असलेली, विद्यार्थ्याला परवडेल अशी आवृत्ती विद्यापीठांनी मिळून काढावी. १९०६ मध्ये निवर्तलेल्या या लेखकाच्या लेखनावर आता कोणाचा हक्क नाही, म्हणजे परवानगीची अडचणही नाही. २०२१ मध्ये दीप्रा दांडेकर यांनी बाबांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आगेमागे मराठी विभागांतून दोनतीन चांगले प्रबंध निघायला हरकत नव्हती. पण मूळ पुस्तकच हाताशी नसेल तर विद्यार्थी प्रबंधाचा विषय म्हणून ते निवडील कशाला?

हे पत्र आपल्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, ही विनंती. प्रस्ताव फेटाळला गेला तरी चालेल, मात्र फेटाळण्याची कारणे इतिवृत्तात लेखी नोंदवावीत आणि ती जाहीर करावीत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी अध्यापक